रेघ कुठे मारायची

आमच्या पाटणकडे जमीन फार दिवस गप्प बसत नाही. कोयनेचं धरण १९६२ साली भरायला लागलं, तेव्हापासून हादरे सुरू झाले ते आजतागायत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा मोठा भूकंप आजीने अंगावर काढलेला. आम्ही पोरं मात्र लहानसहान हादऱ्यांवरच वाढलो. मांडणीवरची भांडी वाजली की आई मान वर न करता "झाला बघ" म्हणायची आणि पुढची भाकरी तव्यावर टाकायची. त्यामुळे भूकंप म्हणजे जमिनीची बडबड, अशीच माझी समजूत होती. पुढे पीएचडीसाठी जी जागा वाट्याला आली, तिथे नेमकं उलटं निघालं.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यासमोर, कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटापासून कॅलिफोर्नियातल्या केप मेंडोसिनोपर्यंत, हजारभर किलोमीटर लांबीची एक फट समुद्राखाली आहे. हुआन दे फुका नावाची एक छोटी प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा तुकडा, तिथे वर्षाला तीन-चार सेंटिमीटरने उत्तर अमेरिकेच्या खाली सरकते. अशा जागेला सबडक्शन झोन म्हणतात. पुस्तकात 'अधोगमन क्षेत्र' असा शब्द सापडतो, पण तो मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. जगातले सगळ्यात मोठे भूकंप अशाच जागी झाले: १९६० साली चिली, १९६४ साली अलास्का, २००४ साली सुमात्रा, २०११ साली जपान. अमेरिकेजवळच्या या भागाला कॅस्केडिया म्हणतात, आणि कॅस्केडियाची मुख्य फट समुद्राखाली जवळजवळ मुकी आहे. जपानजवळ लहान लहान भूकंपांचे ठिपके नकाशावर टाकत गेलं की फट कुठून कशी खाली उतरते ते बरंचसं दिसून येतं. इथे टाकायला ठिपकेच नाहीत.

शेवटची ती मोठ्याने हलली २६ जानेवारी १७०० च्या रात्री, नऊच्या सुमारास. आपल्याकडे तेव्हा साताऱ्याच्या किल्ल्याला औरंगजेबाचा वेढा पडलेला होता. अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर तारीख-वार लिहून ठेवणारं कुणी नव्हतं. तिथल्या आदिवासी जमातींच्या कथांमध्ये समुद्र चढून आल्याच्या आठवणी आहेत, पण तारीख मिळाली ती जपानमुळे. जपानी गावांच्या दप्तरात एका त्सुनामीची नोंद होती, जिच्याआधी कुणाला भूकंप जाणवलाच नव्हता. तिला 'अनाथ त्सुनामी' म्हणतात. केन्जी साताके आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली या अनाथ लेकराची आई कॅस्केडियात शोधली आणि लाट पोचायला लागलेला वेळ मागे मोजून भूकंपाची वेळ काढली. तीव्रता नऊच्या आसपास. म्हणजे सव्वातीनशे वर्षं ही फट गप्प आहे, आणि गप्प आहे म्हणूनच ती नक्की कुठे आहे, किती खोल आहे, गुळगुळीत आहे की खडबडीत, हे कळत नाही. ती बोलत नसेल तर आपणच आवाज करून तिच्याकडून उत्तर काढायचं. सिस्मिक इमेजिंग म्हणतात ते एवढंच.

हा आवाज करायचं काम मी पीएचडीच्या आधी पोटापाण्यासाठी दोन हंगाम केलं होतं. तेलासाठी सर्वेक्षण करणाऱ्या एका जहाजावर, आपल्याच पश्चिम किनाऱ्यासमोर. ऑब्झर्व्हर असं पद. बारा तासांची पाळी, माझी मध्यरात्री ते दुपार. जहाज ताशी आठ-नऊ किलोमीटरने, म्हणजे जवळपास सायकलच्या वेगाने, नाकासमोर सरळ जात राहतं. मागे पाण्यात एअरगन ओढल्या जातात. पोलादी नळकांड्यांत दोन हजार पीएसआय दाबाने भरलेली हवा एका फटक्यात पाण्यात सुटते. आत इन्स्ट्रुमेंट रूममध्ये बसलेल्या माणसाला तळव्यांना 'धप्' असं जाणवतं, दर काही सेकंदांनी, चोवीस तास. पहिले तीन दिवस झोप येत नाही. चौथ्या दिवसापासून तो धप् थांबला की दचकून जाग येते. आसपास देवमासा दिसला की गन बंद कराव्या लागतात, आणि त्यासाठी दुर्बिणी घेऊन डेकवर उभी राहणारी माणसंही असतात. मी रात्रीच्या पाळीची, त्यामुळे मला देवमासा काही दिसला नाही.

गनच्या मागे कित्येक किलोमीटर लांबीची केबल असते. तिला स्ट्रीमर म्हणतात. आत दर साडेबारा मीटरवर हायड्रोफोनचा एक गट, म्हणजे पाण्यातले कान. केबल ठरलेल्या खोलीवर राहावी म्हणून तिला पंखांची यंत्रं लावलेली असतात, ती 'बर्ड'. शेवटी दिवा लावलेला तरंगता टेलबॉय. हंगामाच्या अखेरीला केबलवर शिंपल्यासारखे चिकट जीव इतके बसतात की त्यांच्या खरखरीने नोंदी खराब होतात. मग लहान बोटीतून जाऊन केबल उचलून ते खरवडायचे.

जहाजावर मराठी येणारी मी एकटी, त्यामुळे आणखी एक काम गळ्यात पडलं: मच्छीमार बोटींशी व्हीएचएफ रेडिओवर बोलणं. पालघर, डहाणूकडच्या बोटी त्याच पाण्यात. आमच्या मागे केबल आहे हे लांबून दिसत नाही, आणि त्यांची जाळी आम्हाला दिसत नाहीत. एका पहाटे एक बोट सरळ आमच्या टेलबॉयकडे चाललेली. मी चॅनल सोळावर हाका मारायला लागले.

"दादा, डावीकडे घ्या, मागे केबल आहे."

थोडा वेळ नुसती खरखर. मग, "कोण बाई बोलते?"

"मी पाटणची. जहाजावर आहे. तुम्ही बोट डावीकडे घ्या आधी."

"पाटणची इथं काय करते?" आणि मग तांडेलचा आवाज एकदम चढला. "तुमची केबल आहे, आमचं जाळं नाही काय? आठ दिवस मासा नाही लागत. तुमच्या त्या धडधडीने पळाला सगळा."

बोट वळली. जाळं त्या दिवशी वाचलं, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाचं तरी गेलं, आणि भरपाईच्या कागदावर कंपनीने काय लिहिलं ते मी पाहिलंय. ते इथे सांगत बसत नाही. एवढंच म्हणते, की त्यानंतर सिस्मिकचं कुठलंही चित्र पाहिलं की त्याच्याखाली मला तो आवाज ऐकू येतो.

अमेरिकेत आल्यावर गाईडने हातात दिला तो २०१२ सालच्या मोहिमेचा डेटा. मार्कस लँगसेथ नावाच्या संशोधन जहाजाने त्या जुलैमध्ये वॉशिंग्टन राज्याच्या ग्रेज हार्बरसमोर रेषा मारल्या होत्या, आठ किलोमीटरची केबल ओढत. वैशिष्ट्य असं, की हा डेटा पहिल्यापासून सगळ्यांसाठी खुला होता. मी तो घरबसल्या उतरवून घेतला. तेलकंपनीत असताना हार्ड डिस्क कुलपात ठेवायचो. इथे एक बटण दाबलं आणि फायली यायला लागल्या, तेव्हा उगाच चोरी केल्यासारखं वाटलं.

आता खरं काम. आडात दगड टाकून 'डुब्' ऐकू येईपर्यंत मोजायचं आणि पाणी किती खोल ते सांगायचं, हा खेळ आपण सगळ्यांनी केलाय. सिस्मिकही तसंच, असं मी सुरुवातीला सांगत असे. हल्ली सांगत नाही, कारण त्यात मुख्य भानगड लपून राहते. दगड कसा पडतो हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. इथे आवाज पाण्यातून सेकंदाला दीड किलोमीटरने जातो, वरच्या गाळातून जरा जास्त, दबलेल्या गाळातून आणखी जास्त, आणि हे आकडे कुणी लिहून दिलेले नसतात. परत यायला सहा सेकंद लागले, एवढं कळतं. किती खोलीवरून आला? ते वेगावर अवलंबून. वेग किती? खोली कळली तर सांगता येईल. एक समीकरण आणि दोन अज्ञात.

यातून सुटका होते ती लांब केबलमुळे. एकाच थरावरून आलेला प्रतिध्वनी जवळच्या हायड्रोफोनला आधी ऐकू येतो, लांबच्याला उशिरा. पडद्यावर ही उशिराची रेघ वाकडी, घसरगुंडीसारखी दिसते. ती किती वाकते त्यावरून वेग काढायचा. हे मी पहिल्यांदा नीट समजून घेतलं ते कागदावर आकडेमोड करून. समजा प्रतिध्वनी सहा सेकंदांनी येतोय आणि सरासरी वेग २.१ किलोमीटर आहे की २.२, हे ठरवायचंय. केबल तीन किलोमीटरची असेल तर शेवटच्या हायड्रोफोनवर या दोन उत्तरांत फरक पडतो जेमतेम १५ मिलिसेकंदांचा. इतक्या खोलीवरून येणारी लाट वीसेक हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तनच ५० मिलिसेकंदांचं; त्यात १५ शोधणं म्हणजे गोधडीत टाचणी. केबल आठ किलोमीटरची असेल तर तोच फरक ९० मिलिसेकंद होतो. तो डोळ्यांना दिसतो. जुन्या काळच्या आखूड केबलच्या चित्रांवर प्लेटची खोली ठासून का सांगता येत नव्हती, ते त्या दिवशी उमगलं. २०२१ साली लँगसेथ परत कॅस्केडियात गेलं तेव्हा केबल १२ ते १५ किलोमीटरची होती, ती हौस म्हणून नव्हे.

कच्चा डेटा म्हणजे कचरा असतो, हे मी प्रेमाने म्हणते. आधी प्रत्येक शॉटला, म्हणजे गनच्या फटक्याला, जहाज कुठे होतं आणि प्रवाहाने केबल किती तिरकी झाली होती, ते जुळवायचं. मेलेले चॅनल, म्हणजे बंद पडलेले हायड्रोफोन, काढायचे. लाटांची घरघर काढायची. गनमधून सुटलेला हवेचा बुडबुडा फुगतो-आकसतो, त्याचे मागाहून येणारे ठोके काढायचे. एका रेषेचा डेटा चाळीसेक जीबी. रात्री काम लावून घरी जायचं, सकाळी येऊन बघायचं की रात्री अकरालाच डिस्क भरून ते बंद पडलंय. या भागाबद्दल आणखी काही लिहिण्यासारखं नाही. सहा महिने गेले.

मग मल्टिपल. गाभाऱ्यात घंटा वाजवली की नाद भिंतींवर आपटून घुमत राहतो. समुद्रात तसंच होतं. आवाज तळावर आपटून वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून परत खाली जातो, पुन्हा तळावरून वर. समुद्रतळ तीन सेकंदांवर असेल तर बरोबर सहा सेकंदांवर त्याचं भूत उभं राहतं. आणि नशीब असं, की वॉशिंग्टनसमोरच्या उताराच्या खालच्या भागात, साधारण तेवीसशे मीटर पाण्यात, प्लेटच्या सीमेचं खरं परावर्तनही नेमकं सहा सेकंदांच्या जवळपासच येतं. खरं आणि भूत एकमेकांना छेदतात. भूत घालवायच्या दोन-तीन पद्धती आहेत. मी एकामागून एक सगळ्या लावल्या. चित्र पुष्कळ साफ झालं. पुष्कळ म्हणजे पूर्ण नव्हे, आणि इथेच मी आपटले.

माझ्या चित्रात सीमेची रेघ समुद्राकडून छान येत होती. गाळाचे आडवे थर, त्यांच्या खाली प्लेटच्या बेसॉल्टचा ठळक पृष्ठभाग. अशा फटींपाशी समुद्रतळाला असतो तसा खोल खंदक कॅस्केडियाला दिसत नाही, याचं कारण हेच. अडीच-तीन किलोमीटर गाळाने तो भरून गेलाय. पुढे अमेरिकेचा पायथा सुरू होतो. तिथे हा गाळ खरवडला जाऊन घड्यांवर घड्या पडतात, कुदळीपुढे माती गोळा व्हावी तशा. रेघ या घड्यांच्या खाली शिरते आणि मंद होत जाते. तरी मला ती पुढे दिसत होती, चांगली सहा किलोमीटर. फक्त एक गोम होती: प्लेट किनाऱ्याकडे जाताना खाली उतरायला हवी आणि माझी रेघ वर चढत होती.

याला एक सोयीचं स्पष्टीकरण मी वाचलेलं होतं. वरच्या घड्यांमधला गाळ दबलेला, त्यात आवाज जलद जातो. त्यामुळे वेळेच्या चित्रात खालचा थर खोटाच वर उचललेला दिसतो. वेग बरोबर घालून चित्र खोलीत बदललं की तो जागेवर येतो. ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. म्हणून मी वेग वाढवत गेले. रोज थोडा थोडा. खोलीतलं मायग्रेशन, म्हणजे प्रत्येक प्रतिध्वनी त्याच्या खऱ्या जागी नेऊन बसवायचं काम, दोन रात्री चालायचं. तिसऱ्या सकाळी बघायचं, रेघ अजून चढतेय, वेग आणखी वाढवायचा. सहा आठवड्यांनी रेघ अगदी शहाण्यासारखी खाली उतरायला लागली. मी तिला लाल रंग दिला, प्रिंट काढली आणि गाईडच्या खोलीत गेले.

त्यांना सर म्हटलेलं चालत नाही. सहा महिने मी त्यांना कशानेच हाक मारली नव्हती, नुसतं दारात उभं राहून खाकरायचे. त्यांनी रेघेकडे पाहिलंच नाही. वेगाचा नकाशा मागितला. एका घडीच्या पोटावर पेन्सिलीचं टोक ठेवून म्हणाले, "समुद्रतळाखाली एक किलोमीटर. इथे तू ४.२ घातलायस. इथे काय आहे?"

"गाळ."

"किती जुना?"

भूशास्त्राच्या मानाने कालचा. अशा गाळात दोन, सव्वादोन किलोमीटरचा वेग शोभतो. ४.२ म्हणजे मी चिखलाला जवळपास आमच्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या पंगतीला नेऊन बसवलं होतं. मी गप्प. मग त्यांनी विचारलं, "लांबचे चॅनल ठेवलेस की कापलेस?"

कापले होते. लांबच्या हायड्रोफोनवरच्या नोंदी ताणलेल्या, घाणेरड्या दिसतात. त्या गाळल्या की चित्र स्वच्छ दिसतं. सगळेच थोड्या कापतात, मी तीन किलोमीटरच्या पुढच्या सगळ्या कापल्या होत्या. म्हणजे आठ किलोमीटरच्या केबलची किंमत मोजायची आणि तीनच वापरायची. त्यात आणखी वाईट असं, की भूत घालवायच्या पद्धती लांबच्या चॅनलवर चांगल्या चालतात आणि जवळच्यांवर कच्च्या, कारण जवळ दोघांचं वाकणं सारखंच असतं. मी नेमके कच्चे ठेवून पक्के फेकले होते.

खोलीवर येऊन कापलेलं सगळं परत उघडलं. त्या सहा किलोमीटरमधला एक ठोकळा, म्हणजे एका जागेच्या सगळ्या चॅनलच्या नोंदी, पडद्यावर घेतला. ६.१ सेकंदांवर माझी लाडकी रेघ. ती केबलच्या टोकाकडे बघत गेले. खऱ्या प्लेटवरून आलेली असती तर टोकाला सव्वासातच्या आत पोचली असती. ही खाली, खाली, थेट आठ सेकंदांच्या पलीकडे गेली. दीड किलोमीटरचा वेग. पाण्याचा वेग. सहा आठवडे मी पाण्याच्या भुताला प्लेट समजून त्याच्यासाठी डोंगर उभे करत होते. रात्रीचे दोन वाजले होते आणि आमच्या मजल्यावर कॉफीचं यंत्र नव्हतं.

पुन्हा केलं सगळं. या खेपेला लांबचे चॅनल ठेवले, वेग हाताने न ढकलता टोमोग्राफीने, म्हणजे नोंदींच्या वेळा जुळवत वेग काढायच्या पद्धतीने, थोडे थोडे सुधारले, आणि ज्या ठिकाणी गाळात ३ च्या वर जायला लागले तिथे थांबून कारण शोधलं. नवं चित्र जुन्याइतकं देखणं नाही. रेघ समुद्राकडून येते, घड्यांच्या खाली वीसेक किलोमीटर जाते, मग सहा किलोमीटर काहीच नाही, नुसतं करडं. त्याच्या पलीकडे एक अंधूक तुकडा पुन्हा दिसतो, पहिल्यापेक्षा खोल.

त्या वीस किलोमीटरमध्ये मात्र एक गोष्ट मिळाली आणि तिच्यामुळे मी महिनाभर हवेत होते. काही ठिकाणी परावर्तन उलट्या चिन्हाचं आहे. समुद्रतळावरून लाट परत येते तेव्हा तिचं पहिलं शिखर एका बाजूला असतं, कारण आवाज मऊ गोष्टीतून घट्ट गोष्टीवर आपटतो. इथे शिखर उलट बाजूला. याचा अर्थ वरचं घट्ट आणि खालचं मऊ, म्हणजे बहुतेक दबलेलं पाणी अडकून राहिलेला गाळ. पाण्याचा दाब जास्त असेल तर फट घट्ट धरून बसणार नाही. उलटं चिन्ह वायूच्या गोठलेल्या थराखालीही दिसतं, पण तो समुद्रतळाच्या थोडाच खाली, तळाला समांतर असतो. त्याच्याशी गल्लत होत नाही. एकदा फसल्यावर मी तेही तीन वेळा तपासलं.

त्याच वसंतात ग्रुपमधले आम्ही चौघे ग्रेज हार्बरला गेलो. ज्या समुद्राखाली मी तीन वर्षं नाक खुपसून बसले होते तो मी पाहिलाच नव्हता. उत्तरेला कोपॅलिस नदी आहे. कायाकमधून थोडं आत गेलं की खाऱ्या गवतात देवदारासारखे उंच, राखाडी, पानं नसलेले खुंट उभे दिसतात. रेड सीडर. भुतांचं जंगल म्हणतात त्याला. १७०० च्या त्या रात्री किनारा मीटर-दीड मीटर खाली बसला, झाडांच्या मुळाशी समुद्राचं पाणी आलं आणि झाडं उभ्या जागी मेली. मुळांमधलं शेवटचं वलय १६९९ सालचं आहे. म्हणजे १७०० च्या वाढीच्या हंगामाआधीच ती मेली, जपानी दप्तराशी बरोबर जुळतं. मी एका खुंटाला हात लावला. लाकूड घट्ट होतं, कातळासारखं. आमच्याकडे तुळई अशी होते, जुन्या वाड्यातली.

तिथून दक्षिणेला वेस्टपोर्टजवळ एक प्राथमिक शाळा आहे, ओकोस्टा. तिचं व्यायामगृह २०१६ साली असं बांधलंय की छतावर हजार माणसं त्सुनामीतून वाचावीत. अमेरिकेतली तशी पहिली इमारत. जिने बाहेरून, रुंद. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. मामाचा लगेच निरोप, "आपल्याकडे असलं काही नाही ना?" मी लिहिलं, मकरान आहे, पाकिस्तान-इराणसमोर, तोही सबडक्शन झोन, तोही गाळाने भरलेला, २८ नोव्हेंबर १९४५ ला तिथे ८.१ चा भूकंप झाला आणि मुंबईपर्यंत लाट येऊन माणसं गेली. बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग मावशीने गुलाबाचं फूल पाठवलं.

२०२१ च्या मोहिमेचे निष्कर्ष जून २०२४ मध्ये आले. सुझन कारबॉट आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध. ४१ दिवस समुद्रात राहून त्यांनी जवळपास सगळ्या कॅस्केडियाची फट टिपली होती. ती एकसंध नाही, किमान चार तुकड्यांत विभागलेली आहे, आणि वॉशिंग्टनसमोरचा तुकडा तुलनेने सपाट, गुळगुळीत आहे, असं त्यात आहे. मी तो निबंध बसमध्ये वाचला आणि उतरायचा थांबा चुकले.

प्रबंधासाठी शेवटी माझ्या चित्रावर रेघ मारायची वेळ आली. मोठी प्रिंट काढून टेबलावर पसरली. मी लाल पेनने मारली: बेसॉल्टच्या माथ्याला अगदी लागून. माझं म्हणणं असं, की वॉशिंग्टनसमोर जवळपास सगळा गाळ खरवडून वर राहतो, तेव्हा सरकायची जागा तळाशीच असणार. गाईडने पेन्सिल घेतली आणि त्याच्या वर, काही ठिकाणी चारशे मीटर वर, आपली रेघ मारली. त्यांच्या मते उलट्या चिन्हाचं परावर्तन हीच फट, आणि तिच्या खालचा गाळ प्लेटबरोबर खाली जातोय. चारशे मीटर म्हणजे माझ्या वेगात आठ टक्के चूक असेल तर पडेल एवढा फरक. आमचा एक जपानी पोस्टडॉक तिथूनच चालला होता. तो दोन मिनिटं वाकून बघत राहिला, मग निळ्या पेनने त्याने आधी माझ्या गाईडच्या रेघेवरून सुरुवात केली आणि मध्येच पायरी उतरल्यासारखा माझ्या रेघेवर आला. जपानजवळच्या नानकाई सबडक्शन झोनला असं होतं, म्हणाला, आणि कॉफी घ्यायला निघून गेला.

प्रबंधात मी वीस किलोमीटर सलग रेघ दिली आहे, माझीच. मधल्या सहा किलोमीटरमध्ये तुटक. पलीकडच्या तुकड्याला प्रश्नचिन्ह. परीक्षकांपैकी एकाने विचारलं, तुटक रेघ पुरी का केली नाहीस, दोन्ही टोकं तर जुळताहेत. मी त्यांना ६.१ सेकंदांचा तो ठोकळा दाखवला.

ती प्रिंट माझ्या टेबलाच्या वर भिंतीला लावलेली आहे. लाल आणि निळी अजून ठळक आहेत, पेन्सिलीची फिकी होत चाललीय. मागच्या महिन्यात गाईड काही कामासाठी आले, प्रिंटसमोर उभे राहिले, चष्मा कपाळावर चढवून नाक जवळ नेलं आणि म्हणाले, "खोडरबर आहे का तुझ्याकडे?"

मी म्हटलं, नाही.